शिळ्या यादीवरची ताजी वेळ

भोरमधल्या एका पशुपालक संस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो. वेल्ह्याकडच्या एखाद्या वाडीवरून जनावर आजारी असल्याचा फोन आला की ऑफिसातली ताई तो मूळ टेबलात नोंदवायची. डॉक्टरांना मोबाईलवर दिसायची ती मात्र त्या नोंदींवरून तयार करून ठेवलेली वाडीवार यादी, म्हणजे मटेरियलाइज्ड व्ह्यू. ती आपणहून बदलत नाही, रोज पहाटे रिफ्रेश, म्हणजे नव्या नोंदी घेऊन पुन्हा तयार, करावी लागते. शेवटची कधी केली, हे आमचा डेटाबेस लक्षात ठेवत नाही. डॉक्टर सारखे विचारायचे, "ही आजची का कालची?" म्हणून मी यादीच्या वर शेवटच्या रिफ्रेशची वेळ दाखवायला लागलो.

पहाटे आपोआप चालणारी माझी स्क्रिप्ट आधी वेळ लिहायची, मग रिफ्रेश करायची. एकदा डिस्क भरली आणि रिफ्रेश झालंच नाही. वेळ तेवढी नवी लागली. डॉक्टरांनी आजची वेळ पाहिली, वर डोंगरातली एक वाडी यादीत दिसली नाही, म्हणून ते दुसऱ्या टोकाला भोंगवलीकडे गेले. त्या वाडीवरच्या एका घरच्या शेळ्या मेल्या. ते घर ताईच्या सासूच्या भावाचं.

"आमी आदल्या दिशी फोन केला व्हता," तो ऑफिसात येऊन म्हणाला.

यादीवर वेळ ताजी, म्हणजे नोंदच राहिली असणार, असं धरून सगळे ताईकडे बघायला लागले. "मी लिहिलं होतं," ती म्हणाली. "बहुतेक."

मी तोवर मूळ टेबल उघडून पाहिलं होतं. तिची नोंद तिथं होती, आदल्या दिवशीचीच. दुपारी स्क्रिप्ट बदलली: आधी रिफ्रेश, ते पुरं झालं तरच वेळ. बोललो मात्र कुणाशीच नाही. ताईनं पुढं काम सोडलं.

यंदा ती मला नसरापूरच्या बाजारात भेटली. इकडचं तिकडचं बोलून म्हणाली, "सर, तेवढं एक कसं राहिलं माझ्याकडून, अजून कळत नाही. घरी तर रोज ऐकते."

तिथंच, भाजीच्या पिशव्या हातात असताना, मी सांगून टाकलं.

"म्हणजे मी लिहिलं होतं?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी."

ती रडली नाही, चिडलीही नाही. "मग घरी चला," म्हणाली. "हे आत्याबाईंसमोर सांगा."

घर जवळच, कामथडीत. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, अंगणात शेंगा फोडत होत्या. मी सगळं पुन्हा सांगितलं, डेटाबेसचं नाव न घेता.

"म्हंजे हिनं लिवलं व्हतं," त्या म्हणाल्या.

"लिहिलं होतं."

"आन् तुमी गप बसलात."

"बसलो."

त्यांनी मला बसा म्हटलं नाही. सुनेकडंही बघितलं नाही. हातातली शेंग सुपात टाकून म्हणाल्या, "लाव फोन मामाला. ह्यांनाच सांगू दे."

ताईनं मोबाईल स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला. वर वाडीत रेंज धड नसते. मला सगळं पहिल्यापासून, मोठ्यानं सांगावं लागलं.