सेल्स टॅक्स आणि चेट्टियारचं ताक

सेल्स टॅक्सच्या ऑफिसात फायली साठतात तशा गोष्टीही साठतात. फायली निदान कधीतरी जाळतात, गोष्टींना तीही सोय नाही! तंजावरच्या आमच्या लहानशा ऑफिसात मी क्लार्क होतो. दुपारच्या कॉफीला बसलो की अजून तीच माणसं आठवतात आणि मी सुरू होतो. बायको म्हणते, "पेन्शन सरकारनं द्यायची आणि ऐकायचं मात्र आम्ही!" म्हणू दे. तुम्ही बसा, कॉफी येतेय.

आमचे ऑफिसर गोविंदराव. माझ्यासारखेच तंजावरचे मराठी. घरात मराठी, बाजारात तमिळ आणि रागावले की इंग्रजी! माणूस सोन्यासारखा, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! त्यांचा एक नियम होता: ज्याच्यावर टॅक्स बसवायचा, त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही.

आता आमच्या गावाची रीत अशी, की दुकानात आलेल्या माणसाला निदान 'मोर' तरी द्यायचं. मोर म्हणजे ताक. आलं, मीठ, कढीपत्ता घातलेलं. नको म्हटलं की देणाऱ्याचं तोंड उतरतं. पण गोविंदराव ऐकतील तर शपथ! तपासणीला निघाले की आमचा शिपाई आरुमुगम त्यांचा फिरकीचा तांब्या घेऊन पुढे चालायचा. घरचं पाणी, घरचा पेला.

झालं काय, की कोपऱ्यावर तो तांब्या दिसला रे दिसला, की अख्ख्या बाजारात बिलबुकं बाहेर! प्रत्येक गिऱ्हाइकाला पक्कं बिल, वर नमस्कार! गोविंदराव ऑफिसात येऊन कौतुकानं सांगायचे, "आपला बाजार फार प्रामाणिक आहे हो!"

आरुमुगम तांब्या घासत मान डोलवायचा.

*

सरकारी खर्चाचं म्हणाल, तर आमच्या पंख्याची गोष्ट ऐका.

उन्हाळ्यात घाम टपकून असेसमेंटच्या ऑर्डरींवरची शाई पसरायची. गोविंदरावांनी मद्रासला लिहून लिहून पंखा मिळवला. पंखा आला, छताला लागला, आम्ही नारळ फोडला! मग कळलं की पंखा सँक्शन झालाय, पण त्याची वायर आणि बटण दुसऱ्या खात्यातून यायचंय. ते खातं म्हणे काटकसर करत होतं.

सगळा उन्हाळा पंखा वर लटकलेला आणि आम्ही खाली ताडाच्या पंख्यानं वारा घेतोय! मद्रासहून एक मोठे साहेब तपासणीला आले. वर बघून म्हणाले, "हा फिरत का नाही?"

गोविंदराव उत्तर जुळवत होते, तेवढ्यात आरुमुगम अदबीनं म्हणाला, "परमनंट झालाय, सार. आता काम कशाला करील?"

साहेब इतके हसले, की पुढच्या आठवड्यात वायर आली.

*

आता कारैकाल. आमच्या जिल्ह्याच्या पोटातच हे गाव, पण राज्य वेगळं, पूर्वी फ्रेंचांचं. फ्रेंच गेले तरी तिथला टॅक्स हलकाच राहिला. इकडं जे भांडं महाग, तेच तिकडं स्वस्त. आणि कारैकालजवळच तिरुनळ्ळारला शनीचं मोठं देऊळ. मग काय विचारता! लग्नाचा मोसम आला की अख्ख्या तंजावरला साडेसाती लागायची! बस भरभरून भाविक जायचे आणि येताना प्रत्येकाच्या मांडीवर नवा हंडा!

एका शनिवारी गोविंदरावांच्या पत्नी, सुंदराबाई, तिथून आल्या. बरोबर मुलीच्या लग्नासाठी घेतलेलं हे भलंमोठं पातेलं.

"हे काय?" गोविंदराव गरजले.

"शनीचा प्रसाद," सुंदराबाई म्हणाल्या.

घरच्यासाठी आणलं तर गुन्हा नव्हता काही. पण गोविंदरावांना रात्रभर झोप लागली नाही. सोमवारी ते ट्रेझरीत गेले आणि म्हणाले, "हे पातेलं इथं घेतलं असतं तर एवढा टॅक्स पडला असता. भरून घ्या." ट्रेझरीवाल्यानं सगळी खाती धुंडाळली आणि हात जोडले. बायकोच्या पातेल्याचे पैसे घ्यायला सरकारकडे खातंच नव्हतं!

आयुष्यभर लोकांकडून टॅक्स वसूल केलेला माणूस, स्वतःचा टॅक्स भरता येईना म्हणून तोंड पाडून परत आला. मला हसूही आलं आणि गलबलूनही आलं.

*

पण कारैकालचा खरा फटका बसला चिन्नय्या चेट्टियारांना. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या वाटेवर त्यांचं भांड्यांचं दुकान आणि दुकानामागच्या गल्लीत त्यांच्यावर जगणारे तांबट. दिवसभर ठोकठोक चालायची. गोविंदरावांच्या स्वतःच्या लग्नातली भांडी तिथलीच.

एक दिवस तपासणी चालू असताना चेट्टियार म्हणाले, "सार, गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, हंडा वाजवून बघतं आणि घेतं कारैकालला! मी दुकान चालवतोय की प्रदर्शन? मी तिकडंच जागा बघितलीय."

गोविंदरावांचा चेहरा पडला. चेट्टियार गेले तर मागची गल्लीही उठणार, हे त्यांना कळत होतं. म्हणाले, "चेट्टियार, टॅक्सचा दर माझ्या हातात नाही."

"दर नाही, पण ताक तर आहे?" चेट्टियारांचा आवाज चढला. "इतकी वर्षं माझ्या दुकानात बसता आणि घरचं पाणी पिता! मी काय विष देतो? ज्या गावात माझ्या हातचं ताक चालत नाही, तिथं राहू कशाला? आज एक पेला प्या, सार. देवाशपथ, जाणार नाही."

गल्लीतली ठोकठोक थांबली. सगळे कान देऊन उभे.

गोविंदराव म्हणाले, "मग तर मुळीच नाही. ही लाच झाली!"

आरुमुगमनं तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "सार, पण कुणी कुणाला?"

गोविंदराव उठून गेले. चेट्टियारांनी कारैकालचा मुहूर्त धरला.

*

मुहूर्ताचा आदला दिवस आणि गोविंदरावांचा रिटायर व्हायचा दिवस नेमका एकच. ऑफिसात हार झाले, वडे झाले, माझं भाषण झालं. सगळं लवकर आटपलं तसे गोविंदराव उठले आणि तडक चेट्टियारच्या दुकानाकडे निघाले. मी आणि आरुमुगम मागोमाग. आरुमुगमच्या हातात सवयीनं तांब्या!

दुकानापुढे बैलगाड्या उभ्या, भांडी अर्धी लादलेली. तांबट हातोडे खाली ठेवून बसलेले.

गोविंदराव बाकावर बसले. "चेट्टियार, तहान लागलीय."

चेट्टियार आत धावले आणि स्वतः पेला भरून घेऊन आले. गोविंदरावांनी पेला हातात घेतला, ओठांपाशी नेला आणि त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पाचाला दहा कमी!

"पाचपर्यंत मी ऑफिसर आहे," ते म्हणाले आणि पेला मांडीवर ठेवून बसले.

अय्यो! सगळी गल्ली श्वास रोखून उभी. हातात ताक, कपाळावर घाम आणि माणूस हलायला तयार नाही.

चेट्टियार पुढे झाले. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा बोटानं बारावर आणला. घड्याळ टोले द्यायला लागलं.

गोविंदरावांनी घड्याळाकडे बघितलं. चेट्टियारकडे बघितलं. पाचवा टोला पडायच्या आत पेला रिकामा!

"आणखी?" चेट्टियारांनी स्टुलावरूनच विचारलं.

गोविंदरावांनी पेला पुढे केला.

चेट्टियार गाडीवाल्यांकडे वळून ओरडले, "बघता काय? भांडी उतरवा!"