अल ऐनहून जनरलसाहेबांच्या भेटीला

सुट्टीच्या दिवशी एका फ्रेंच जनरलला बघायला दीड तास गाडी हाणायची, हे काही शहाण्या माणसाचं काम नाही. पण आमच्या इराला फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत एकोणिसाव्या शतकातल्या या जनरलवर बोलायचं होतं आणि त्याचं चित्र अबू धाबीत प्रदर्शनात लागलं होतं. शिवाय घरी बसलं की नवऱ्याची एकच रेकॉर्ड: दुबई मरीनाच्या प्रोजेक्टवर प्रमोशन घेऊन आणखी तीन वर्षं काढायची, की देवरुखला एकट्या राहणाऱ्या आईकडे कायमचं परतायचं? म्हटलं, यल्ला, निघा आता!

रस्ता झकास, फक्त कॅमेऱ्यांकडे लक्ष ठेवा. वाटेत मोहम्मद बिन झायद सिटीत मिसळ खाल्ली, अठरा दिरहम. "सव्वाचारशे रुपये! एवढ्यात सगळं घर जेवलं असतं," असं म्हणत नवऱ्याने जास्तीचा पाव मागवला. प्रदर्शनाला मुलांना तिकीट नाही. स्वेटर मात्र न्या, आतला एसी हाडं गोठवतो.

जनरलसाहेब मिशा पिळून, छातीभर पदकं लावून उभे होते. इरा शेजारची माहिती वाचू लागली आणि नवऱ्याने स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी सुरू केली.

"घरचं काय?"

"फार्मर्स सन, बाबा."

"नोकरी?"

"आधी साधा सोल्जर. देन ट्वेंटी इयर्स अल्जीरियाच्या डेझर्टमध्ये. प्रमोशन आफ्टर प्रमोशन."

"माझ्यासारखाच की! आणि रजा?"

"नॉट मेन्शन्ड."

"त्याची आई?"

"तो जनरल होऊन घरी गेला, बट शी हॅड ऑलरेडी डाइड. बाबा, कॅन वी गो टु द शॉप?"

माझा बडबड्या नवरा पुढे होऊन ती ओळ स्वतः पुन्हा वाचू लागला. एवढी पदकं, आणि कौतुकाने बघायला घरात कोणी नाही! मला त्या मिशाळ माणसाची कीव आली. दुकानात न शिरताच आम्ही परतलो, तेवढीच बचत.

घरी पोचताच त्याने फोन लावला. "आई, प्रमोशन सोडून येऊ?"

"वेडा की खुळा? मी अख्ख्या आळीत पेढे वाटून बसलेय!" सासूबाई कडाडल्या.

"पण तू एकटी..."

"मला तुझी वाट बघायची सवय झालीय रे. तू आलास तर दिवसभर करू काय?"

नवरा हसला आणि हसता हसता रडला. दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात नकार कळवला.

या सहलीतून हाती काय लागलं? इराला बरे मार्क मिळाले. सासूबाई पेढ्यांवरून अजून धुसफुसतायत. परवा मात्र त्यांनी आपणहून फोन केला. "आल्या दिवशी सुरमई आणू की साधी आमटी टाकू?"

आम्ही अजून तिकिटंही काढलेली नाहीत.