अठ्ठ्यांची जोडी

बियाण्याच्या कंपनीतले साहेब मूठभर बी तळहातावर घेतात, फुंकर मारतात आणि पोचट दाणे उडाले की आख्खा ट्रॅक्टर परत पाठवतात. जेवणाच्या सुट्टीत तेच साहेब रांगेतल्या आम्हा शेतकऱ्यांशी मक्याच्या दाण्यांवर पोकर खेळतात. बोली ठरलेली, एका वेळी दोनच दाणे. हातात अठ्ठ्यांची जोडी आली की ती काही त्यांच्याच्यानं टाकवत नाही. समोर एक्का, राणी उघडी पडली तरी दाणे सरकवतच राहतात.

"जोडी हाय बाबा, बघून तर घेऊ."

मागच्या आठवड्यात मी राण्या दाखवून सगळे दाणे ओढले. साहेब हसले, उठले आणि माझं बी न फुंकताच परत पाठवलं.

आज माझ्याकडं बादशहांची जोडी होती. ती पालथी टाकून मी म्हणालो, "साहेब, तुमच्या जोडीला तोड न्हाई."

माझं बी पास झालं. आजही न फुंकताच.