वेबसाईटवर पाहून आलो

समोर माणूस उभा असला, की तो आधी त्याला मोबाईलमध्ये शोधायचा. नमस्कार-चमत्कार नंतर. अंगठ्याने भराभर नाव टाइप करायचा, पडदा खाली-वर सरकवायचा आणि डॉक्टर वाईट बातमी देतो तशा आवाजात सांगायचा, "तुमी त कुठीच नाई भेटून राहिले, भाऊ."

माझ्या वडिलांची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या भट्टीपुढे गेली. त्यांनाही त्याने हाच निकाल सुनावला. वडील गोंधळले. म्हणाले, "मी इथंच त आहो ना बापा, तुह्या समोर."

"समोर असून काय फायदा, काकाजी? पैल्या पानावर पायजे."

तेव्हापासून कोहक्यातल्या आमच्या गल्लीत त्याचं नावच 'पहिलं पान' पडलं. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. नसेल तर सुखी आहात.

तो आधी प्लांटमध्ये एका ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. ठेका संपला आणि हा घरी बसला. मेहुण्याने सुरतेला गोदामात राखणदारीचं काम बघून ठेवलं होतं. याला जायचं नव्हतं, त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, पाठवायचं नव्हतं. घरात एकच कमाईची वस्तू होती, ती म्हणजे वहिनींच्या हातची लांब रोटी. सैल कणीक आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळायची, हातावर कोपरापर्यंत लांबवत न्यायची आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायची. लग्नाकार्यात इथे छत्तीसगडात येऊन राहिलेल्या आमच्या विदर्भातल्या लोकांना ती लागतेच. या रोटीवर घर चाललं तर सुरत टळणार होती.

आता रोटी विकायची तर पीठ चाळावं, लाकडं आणावीत, चार घरी सांगून यावं. हा मोबाईलवर व्हिडिओ बघत बसला आणि एसईओ शिकला. म्हणजे कोणी काही शोधलं की आपली वेबसाईट सगळ्यांच्या वर यावी, यासाठी करायच्या खटपटी. विद्या खरी आहे, तिच्यावर पोट भरणारे लोक आहेत. पण मर्कटाच्या हाती कोलीत म्हणतात ते असं.

पहिला प्रयोग माझ्यावर झाला. सिविक सेंटरमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. त्याने हौसेने दुकानाची वेबसाईट केली आणि मला दाखवली. वर लिहिलं होतं, 'भिलाई का चष्मा, चष्मा भिलाई में, सस्ता चष्मा भिलाई, अच्छा चष्मा भिलाई.' खाली पान कोरंच होतं.

"इथं काही नाही का लिहिलं?" मी विचारलं.

"लिवलं ना. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात. चष्मा शब्द पानभर भरला."

"मग ते वाचणार कोण?"

"मानूस नाई वाचत, भाऊ. मशीन वाचते."

मी हात जोडले आणि माझं दुकान त्याच्या तावडीतून सोडवून घेतलं. मग त्याने सगळं लक्ष रोटीकडे वळवलं. वहिनींनी 'अन्नपूर्णा' असं साधं नाव सुचवलं होतं. याने नाव ठेवलं, 'बेस्ट मटका रोटी भिलाई दुर्ग रायपुर नियर मी'. तसा फलकही रंगवून दारावर लावला. पोस्टमन बराच वेळ तो फलक वाचत उभा राहिला आणि पत्र शेजारी देऊन गेला.

दुसऱ्या वेबसाईटांनी आपल्याकडे बोट दाखवलं की आपलं वजन वाढतं, असं त्याला कळलं. म्हणून त्याने मिळेल त्याच्याशी सोयरीक जुळवली. एका ज्योतिषाच्या, एका ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या आणि एका टक्कल घालवणाऱ्या तेलाच्या पानावरून लोक थेट वहिनींच्या चुलीपाशी यावेत अशी सोय झाली. एकही आला नाही. मग ग्राहकांचे अभिप्राय पाहिजेत म्हणून त्याने ते स्वतःच लिहिले, आमच्या नावांनी. माझ्या वडिलांच्या नावावर होतं, 'मैं अमेरिका से छुट्टी में आया, रोटी खाकर मन प्रसन्न हो गया.' वडील उभ्या आयुष्यात नागपूरच्या पलीकडे गेले नाहीत.

रोज सकाळी तो आपली वेबसाईट शोधायचा आणि ती पहिल्या पानावर, पहिल्या नंबरावर दिसायची. तो मोबाईल गल्लीभर दाखवत फिरायचा. मी माझ्या मोबाईलवर शोधली, तर अंगठा दुखेपर्यंत खाली जाऊनही सापडेना. कारण सोपं होतं. हा दिवसभर स्वतःच्याच वेबसाईटवर बोट दाबायचा, म्हणून त्याचा मोबाईल त्याला पाहिजे ते आधी दाखवायचा. मशीनलाही घरच्या माणसाचं मन राखता येतं. मी हे त्याला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तुमचा मोबाईल जुना आहे, भाऊ. अन् याले टाइम लागते."

हे त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य. "टाइम लागते."

आणि गंमत अशी, की ऑर्डरी खरंच यायला लागल्या. धंद्याचा फोन त्याच्याकडे असायचा. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याची खुर्ची होती, तिथून तो आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचा, "हमारे बारे में कहाँ देखा आपने?" पलीकडून उत्तर आलं, की तो फोनवर हात ठेवून आत ओरडायचा, "ऐकलं का वं? वेबसाईटवर पाह्यलं म्हनते!" आतून वहिनींचं "हाव" यायचं. सुरतेचं नाव त्या घरात निघेनासं झालं.

मी चक्रावलो. कुठेच न सापडणारी वेबसाईट हे लोक बघतात तरी कुठे?

वडिलांच्या पंच्याहत्तरीला आम्ही रोट्या सांगायच्या ठरवल्या. मी परसदाराने सरळ चुलीपाशी गेलो आणि वहिनींना सांगितलं. त्यांनी कणकेतून हात न काढता म्हटलं, "होते ना. पन तुमी घरी जाऊन आमच्या ह्यायले फोन करजा. अन् वेबसाईटवर पाह्यलं म्हनजा."

"वहिनी, मी दोन घरं सोडून राहतो."

"त काय झालं?"

मग सगळं कळलं. ऑर्डरी येत होत्या त्या वहिनींच्या हाताच्या चवीने. चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरातल्या एका बाईने दुसरीला सांगावं, तिने तिसरीला, असं. येणाऱ्या प्रत्येक बाईला वहिनी हे एक वाक्य पढवून परत पाठवत होत्या.

"कावून करता हे?" मी विचारलं.

"ह्यायले वाटलं पायजे ना, का घर आपुन चालवून राहिलो. नाईतर हे सुरतेले जातीन. मी मंग एकटी या मडक्यासमोर बसून काय करू, भाऊ?"

मी घरी जाऊन फोन केला. "कहाँ देखा आपने?" त्याने झोकात विचारलं. मी म्हटलं, "वेबसाईटवर पाह्यलं." त्याने माझा आवाज ओळखला. मग म्हणाला, "भाऊ, तुमी बी? आता त मानता ना!" जिभेवर आलेला टोमणा मी गिळला. त्याच्या आवाजातला तो आनंद मला मोडवेना.

शेवटच्या उन्हाळ्यात व्हिडिओतल्या कुठल्याशा गुरूने नवा नियम सांगितला. एकच शब्द घोळवू नका, लोकांना जे जाणून घ्यायचंय ते सरळ लिहा. याने पानभर भरलेलं सगळं पुसलं, ज्योतिषी आणि टक्कल यांच्याशी काडीमोड घेतला आणि स्टूल घेऊन चुलीपाशी जाऊन बसला. "हात कावून वला करते? मडकं उपडंच कावून?" वहिनी सांगायच्या, हा साध्या हिंदीत लिहून घ्यायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, रोटी कशी होते हे त्याने बायकोला पहिल्यांदाच विचारलं, आणि तेही मशीनसाठी. वहिनी मात्र त्या दिवसांत नव्या नवरीसारख्या लाजायच्या.

दिवाळीच्या आधी तो गेला. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर काही दिवसांनी मी वहिनींकडे बसलो होतो. त्याचा फोन वाजला. वहिनींचे हात कणकेचे होते, म्हणून मीच स्पीकर लावला. राजनांदगावचा कोणी माणूस होता. लग्नासाठी रोट्या पाहिजेत म्हणाला. वहिनी हो म्हणाल्या. मग तो म्हणाला, "आपकी वेबसाइट पे देखा."

वहिनी कसनुसं हसल्या. "अब वो बोलने की जरूरत नहीं है भैया. वो नहीं रहे."

"कौन नहीं रहे?" माणूस गडबडला. "नहीं दीदी, सच में देखा. वो लिखा है ना, हाथ गीला क्यों करते हैं. सबसे ऊपर आप ही का आया."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी माझा जुना मोबाईल काढला आणि शोधलं. पहिलं पान, पहिला नंबर. मी पडदा त्यांच्यापुढे धरला.

 त्या उठल्या, कणकेच्या हातानेच तो बोलता फोन उचलला, पुढच्या खोलीत नेला आणि खिडकीपाशी त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"भैया," त्या म्हणाल्या, "कहाँ देखा, एक बार फिर से बोलो ना. जरा जोर से."