साखर कोणाला सांगितली होती

"महादेव हसते म्हणून त्याले देव म्हणाव, ज्याले हसू येत नाई, त्याच्यापासून आपले बैल दूर बांधा," असं उकंडा एकदा भर तोरणाखाली म्हणाला होता, आणि सगळ्यात आधी देवळाचा पुजारीच हसला होता.

आर्णीकडच्या त्या गावात पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या सुरू होत. झडती म्हणजे दोन ओळींचा टोला. शेवटी 'हर बोला' म्हणायचं, आणि ज्याला टोला लागला त्यानंही हसायचं. उकंडानं आजवर कुणाला सोडलं नव्हतं. महादेवाच्या जटेत त्यानं उवा घातल्या होत्या, पार्वतीला रुसवून माहेरी धाडलं होतं. सरपंच सदाशिवराव तर दरवर्षी ठरलेलेच.

पण चांगली झडती पोळ्याआधी चोरीला जाते. म्हणून नवी झडती ज्याला ऐकवायची, त्याला तो एक शब्द बदलून ऐकवी. फुटली तर कोणाच्या तोंडून फुटली ते कळावं. ही रीत त्यानं कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

त्या वर्षी पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, अळी कुठल्याच फवारणीला दाद देत नव्हती. गावात एक महाराज उतरले होते. ते विभूती देत, ती पिकावर उधळायची. लोक उधळत होते, अळी खात होती. उकंडानं झडती बांधली:

बाबाची विभूती पऱ्हाटीवर झडली,
अळी म्हणे, माय वो, साखर कुठून पडली!

तोरणाखाली त्याला जबाब देणारे जोडीदार म्हणजे बबनराव. त्यांना त्यानं साखरेच्या जागी 'मिठाई' ऐकवली. ते खो खो हसले. साखर फक्त बायकोला, कौसल्येला, चुलीपाशी ऐकवली. तिनं नुसती भाकर उलटली.

पोळा तोंडावर आला आणि देवळात बोलावणं आलं. झडती फुटली होती. वाटेत उकंडा सोबत निघालेल्या बबनरावांच्या गळ्यातला काळा दोरा निरखत राहिला.

"हा महाराजाचा दोरा कधीपासून?"

"बायकोनं बांधला, लेका. तू काहून पोलिसावानी पाहून राह्यला?"

उकंडा हसला नाही.

देवळात पुढे महाराजांची माणसं होती. खांबाआड बायका, आणि त्यांच्यात कौसल्या. ती येणार हे तिनं घरी सांगितलं नव्हतं.

"मले तू कायबी म्हण," सदाशिवराव म्हणाले. "पण महाराजाईची माफी माग. नाई तर यंदा तुये बैल तोरणाखाली येणार नाई."

"महादेवावर बोललो तवा कोणाचं दुखलं नाई!"

"महादेवाचे माणसं रात्री दगड घेऊन येत नाई, उकंडा."

"पण म्या अजून बोललोच कुठं? काय बोललो, तेच सांगा ना!" हे म्हणताना त्याची नजर बबनरावांवर होती. मिठाई ऐकायला त्याचे कान टवकारले होते. माफी तर मागायचीच नव्हती. बबनरावांसाठी नवा टोलाही जिभेवर तयार होता.

सदाशिवरावांनी खाकरून झडती म्हटली. "...साखर कुठून पडली!"

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

उकंडाला मागच्या पंधरवड्यातली एक दुपार आठवली. कौसल्या अनवाणी, एकटी, वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली होती. विभूतीची मूठ उघडत होती, ओठ हलत होते. तो बाभळीखाली बसून पाहत होता. त्यातूनच झडती सुचली होती.

त्यानं खांबाकडे पाहिलं. कौसल्येनं पदर पुढे ओढला.

"बोल ना बे," बबनराव कुजबुजले. "म्या आहो तुया बाजूनं."

जिभेवरचा टोला तसाच राहिला. उकंडानं पायरीवरची चप्पल घातली, आणि तो निघून गेला.