छोट्या ट्रकची हत्यारं

चाकणला ट्रकच्या कंपनीतून मी रिटायर झालो, त्या दिवशी लाइनवरच्या मंडळींनी मला शाल दिली, नारळ दिला आणि एक मोठा खोका दिला. शाल-नारळाचं समजलं, खोक्याचं समजेना. वरच्या चित्रात एक ट्रक दगडावर चढत होता. वाटलं, नातवंडासाठी खेळणं दिलं असावं. पण मला नातवंड नाही, हे त्या सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग आमच्या सुपरवायझरनं माइक घेऊन सांगितलं की हा ट्रक रिमोटवर चालतो, पण तो आधी जोडावा लागतो. आत सगळे भाग सुटे आहेत. "काका, इतकी वर्षं तुम्ही ट्रकला फक्त चाकं बसवलीत," तो म्हणाला. "आता घरी बसून एक अख्खा ट्रक बनवा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसलो. कंपनीच्या बसमधून मोशीला येताना मात्र मांडीवरचा खोका सांभाळत मी विचार करत होतो, की हे माझं कौतुक झालं की आणखी काही. आजही मला नक्की सांगता येणार नाही.

तो बोलला ते खरंच होतं. मी चाकांच्या स्टेशनवर होतो. ट्रक पुढं सरकत यायचा, वरून लटकणारी, नट आवळायची गन मी खाली ओढायचो, नटांवर बसवायचो आणि बटण दाबायचो. नट हवा तेवढा आवळला की समोरचा दिवा हिरवा व्हायचा. हिरवा झाला की सोडायचं, लाल झाला तर हाक मारायची. गन बिघडली की टूलरूमचा माणूस दुसरी आणून लावायचा. ती कुठली, कशी निवडली, चांगली का वाईट, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

घरी खोका दिवाणावर उपडा केला. आमची ही ब्लाउज शिवते. खिडकीशी तिचं मशीन असतं. ती पाय थांबवून बघत राहिली. पिशव्याच पिशव्या, आणि त्यात जिऱ्यासारखे स्क्रू. प्रत्येकाच्या डोक्याला षट्कोनी खाच. आमच्या घरात हत्यार म्हणावं तर एक पिवळ्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर होता, आणि त्यानं आजवर रंगाच्या डब्यांची झाकणंच उघडली होती.

चौकातल्या हार्डवेअरवाल्याकडून मी एल आकाराच्या अॅलन कीचा एक जुडगा आणला. एका बाजूला काही, दुसऱ्या बाजूला काही, दिसायला सगळ्या सारख्याच. पुढच्या अॅक्सलचा एक स्क्रू आवळत होतो तेव्हा ती की फिरली आणि स्क्रू जागचा हलला नाही. पुन्हा बसवून जोर लावला. खाच गोल झाली. आता तो स्क्रू आतही जाईना आणि बाहेरही येईना.

दुकानदाराकडे परत गेलो. त्यानं की उलटसुलट करून बघितली आणि ती ठीक आहे, तुम्हीच जोर जास्त लावताय, असं म्हणाला. मला ते पटलं. घरी येऊन हिच्या भिंगाखाली की धरली तर तिच्यावर बारीक आकडा होता, मध्ये तिरकी रेघ असलेला. म्हणजे ती इंचातली होती आणि माझे स्क्रू मिलिमीटरमधले. जुडग्याच्या एका बाजूला मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला इंच होते, आणि मी न बघता जवळपास बसेल ती काढली होती. मग मी मिलिमीटरची काढून दुसऱ्या स्क्रूवर लावून बघितली. तीही जराशी डुलत होती. म्हणजे आधी चूक माझी, की हत्यार मुळातच वाईट, की दोन्ही? मी ते भिंग घेऊन बराच वेळ बसलो. शेवटी हिनं तिचं भिंग मागून घेतलं.

मग मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो, आणि होतं नव्हतं तेवढंही डोकं फिरलं. एक जण सांगायचा की टोकाला गोळी असलेला ड्रायव्हर घ्या, तो तिरका धरला तरी चालतो. दुसरा सांगायचा, गोळीचं टोक घट्ट स्क्रूवर लावलंत तर खाच खलास. कुणी म्हणे पोलाद कडक हवं, कुणी म्हणे फार कडक असेल तर टोक तुटून आतच अडकतं. ऐकताना प्रत्येकाचं म्हणणं पटायचं. व्हिडिओ संपला की काहीच हाती उरायचं नाही.

दिवाणावर झोपायला जागा उरली नव्हती. हिनंच वाट काढली. तिच्या पिंपळे सौदागरच्या एका गिऱ्हाईकबाईंचे मिस्टर रविवारी असल्या गाड्या खेळायला आमच्याच जुन्या गावठाणापलीकडे येतात, असं तिला कळलं होतं. "जा आणि विचारून या," ती म्हणाली. "नाहीतर तो खोका मी माळ्यावर टाकते."

रविवारी सकाळी गेलो. ते मिस्टर अजून आले नव्हते. दोन उंच इमारतींच्या मध्ये एक मोकळा तुकडा होता. त्यात काळ्या दगडांचे ढीग, चर, मातीचे चढ, सगळं मुद्दाम रचलेलं. जागेचे मालक मोशीतल्या जुन्या शेतकरी घरातले, पन्नाशीचे, गळ्यात सोन्याची साखळी. बाकीची जमीन इमारतींखाली गेली, हा तुकडा त्यांनी राखून ठेवला होता. "आमचं ऐकत न्हाई कुणी," ते हसत म्हणाले, "बिल्डर म्हणतो बाग करा. म्या म्हणलं, दगूड ऱ्हाऊ दे." त्यांच्याजवळ वाकडहून आलेली एक आयटीतली बाई ट्रक उलटा करून बसली होती. ती मला काका म्हणू लागली आणि मालक मला भाऊ म्हणू लागले.

मी खिशातून तो खाच गेलेला स्क्रू काढला. तो कसाबसा पकडीनं ओढून काढला होता. हत्यारं कुठली घ्यावीत, एवढंच विचारलं. तेवढ्यावर दोघांची जुंपली. मालकांनी गाडीतून एक पेटी आणली. आत काळ्या फोममध्ये कापलेल्या जागांत रंगीत मुठींचे ड्रायव्हर ओळीनं बसले होते, काहींवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. त्यांचं म्हणणं, घ्यायचं तर चांगलं घ्यावं आणि सगळं एकदाच घ्यावं, नाहीतर ऐन वेळी नेमकं नसलेलंच लागतं. बाईचं म्हणणं, यातली निम्मी हत्यारं कधी हातात येत नाहीत. दीड, दोन आणि अडीच मिलिमीटरचे तीन सरळ टोकाचे ड्रायव्हर आणि चाकाच्या नटाचा एक पाना, एवढं उत्तम प्रतीचं घ्या. पेटीची गरज नाही. मालक म्हणाले, हिची हत्यारं पिशवीत असत्यात, निम्मा रविवार शोधण्यात जातो. ती म्हणाली, आणि तुमचा पुसण्यात. दोघंही माझ्याकडे बघत होते. मी दोघांना हो म्हणालो.

"आधी हातात घिऊन तर बघा, भाऊ," म्हणत मालकांनी मला अडीचचा ड्रायव्हर दिला. मी तो त्यांच्याच पेटीतल्या एका नव्या स्क्रूच्या खाचेत घातला आणि थक्क झालो. जरासुद्धा डुलत नव्हता. ड्रायव्हर उचलला तर स्क्रू त्याच्या टोकाला चिकटून सरळ उभा राहिला. इतकी वर्षं लोखंडात काढली, पण हत्यार बरोबर बसल्याचं हे सुख माझ्या हाताला पहिल्यांदा कळलं. त्यांनी आपल्या ट्रकचा एक सैल स्क्रू दाखवला. हाच आवळा म्हणाले.

मी फिरवू लागलो. स्क्रू टेकला. मी आणखी फिरवलं. आणखी थोडं. मग आतून बारीक कट्ट झालं आणि ड्रायव्हर हलका फिरायला लागला. प्लास्टिकमधले आटे गेले होते.

मालक रागावले नाहीत. "थांबला का न्हाई? कशाची वाट बघत हुता?" त्यांनी विचारलं.

कशाची, ते मला स्वतःलाही तेव्हाच कळत होतं. मी दिवा हिरवा व्हायची वाट बघत होतो. मी तसं सांगितलं. कंपनीतल्या गनचं सांगितलं, बटण दाबायचं आणि दिवा बघायचा ते सांगितलं. चाकांचं स्टेशन तेवढं सांगायचं राहिलं, किंवा मी राहू दिलं. बाई हसली नाही. तिनं आपल्या पिशवीतून एक ड्रायव्हर काढला. त्याची मूठ पेन्सिलपेक्षा थोडी जाड. मालकांचा ड्रायव्हर जाड मुठीचा होता. अशा जाड मुठीनं अख्ख्या हाताचा जोर स्क्रूवर पडतो, तिनं सुरुवातीला असेच आटे घालवले होते, असं ती म्हणाली. प्लास्टिकसाठी बारीक मूठ घ्यायची, नुसत्या दोन बोटांत धरायची, आणि बोटं मुठीवरून सरकायला लागली की सोडून द्यायचं. मी करून बघितलं. बोटं सरकली तरी मला विश्वास बसेना की स्क्रू आवळला गेला आहे.

त्या आठवड्यात भोसरीला हत्यारांच्या दुकानात गेलो. माझ्या ट्रकचे स्क्रू खिशात घेऊन गेलो होतो. दुकानदारानं काउंटरच्या काचेवर ड्रायव्हर मांडले. मी प्रत्येकाला स्क्रू लावून बघितला, डुलतो का पाहिलं. काचेवर लोळवून दांडा सरळ आहे का पाहिलं. एक छान बसायचा, पण मूठ गुळगुळीत, घामाच्या हाताला सरकणारी. दुसऱ्याची मूठ झकास, पण टोकाची कड आधीच मऊ दिसायची. मागं गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि मी परत पहिल्यापासून सुरुवात करत होतो. अखेर बारीक मुठीचे तीन सरळ ड्रायव्हर घेतले. बरोबर घेतले का, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. चाकाचा पाना घ्यायचा राहिला, हे घरी पोचल्यावर लक्षात आलं.

नंतर मी ट्रक तसाच ठेवला आणि प्लास्टिकच्या एका टाकाऊ तुकड्यात स्क्रू आवळत बसलो. मुद्दाम आटे जाईपर्यंत आवळायचो, मग दुसऱ्या भोकात त्याच्या थोडं आधी थांबायचो. नवीन हत्यारं आणून हे मोडत का बसलात, असं हिनं विचारलं. मी म्हणालो, कुठं थांबायचं ते शिकतोय. तिनं मान हलवली आणि मशीन सुरू केलं.

हळूहळू बोटांना काहीतरी समजायला लागलं. ट्रक उभा राहिला. चाकं तेवढी पकडीनंच बसवली आणि रविवारी मोठ्या उत्साहात मैदानात गेलो.

ट्रक पहिला दगड चढला. दुसऱ्यावर थोडा थांबला, मी रिमोट दाबला, आणि पुढचं डावं चाक सुटून उतारावरून घरंगळत थेट मालकांच्या पायाशी गेलं. आटे जातील या भीतीनं मी नट फारच हलका ठेवला होता. तिथं आटे धातूचे होते आणि नट घट्टच करायचा होता. मालक पोट धरून हसले. मग मी सांगून टाकलं की कंपनीत माझं काम चाकं आवळण्याचंच होतं. ते हसायचे थांबले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसायला लागले. बाईलाही आवरेना. मीही हसत होतो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते हसण्याचंच होतं अशी माझी खात्री नव्हती.

घरी येऊन सुपरवायझरला फोन केला. म्हटलं, त्यालाही सांगावं, पोरं हसतील. तो हसलाच. मग म्हणाला, "काका, तुमच्या स्टेशनवर आता मशीन बसवलंय. चारी बाजूंनी आपोआप आवळतं. तिथं माणूस लागत नाही." चांगलं झालं, मी म्हणालो. पाठीचा त्रास तरी वाचला कुणाचा. फोन ठेवल्यावर हिनं विचारलं, काय म्हणत होता? मी म्हणालो, सगळे मजेत आहेत.

दुसऱ्या दिवशी पाना आणायला पुन्हा भोसरीला गेलो. दुकानदारानं दोन दाखवले. एक साधा, आणि एक असा की ठरलेला जोर झाला की मुठीत खट्ट वाजतं आणि तो पुढं आवळतच नाही. दुसरा निःसंशय चांगल्या प्रतीचा होता. मी दोन्ही हातांत दोन्ही धरून उभा राहिलो. त्यानं विचारलं, चूक होऊ नये असं वाटतं ना? मग हाच घ्या. त्याचं बरोबर होतं. मी साधा घेतला. त्या खट्टमध्ये मला तो हिरवा दिवाच दिसला असावा. बसमध्ये मोशीपर्यंत वाटत राहिलं की दुसरा घ्यायला हवा होता.

पुढच्या रविवारी चाकं जागेवर राहिली. मागचा एक रॉड वाकला, पण चाकं राहिली.

आता मी दर रविवारी जातो. मध्यंतरी बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ खोका घेऊन आले. हत्यारं कुठली घेऊ, असं त्यांनी विचारलं. मालकांनी पेटी उघडली, बाईनं पिशवी उघडली, दोघांचं पुन्हा सुरू झालं. गृहस्थ गांगरून माझ्याकडे वळले. तुम्ही तर ट्रकच्या कंपनीतले, तुम्हीच सांगा, म्हणाले.

"माझं अजून ठरलेलं नाही," मी म्हणालो. "पण दुकानात जाताना तुमचे स्क्रू खिशात घेऊन जा."

त्यांनी खोका उघडला आणि कुठले स्क्रू नेऊ, असं विचारलं. मग आम्ही दोघं दगडावर बसून पिशव्या फोडायला लागलो.