रिपोर्ट यायच्या आधी

नर्सनं माझं मनगट धरलं आणि अंगठा शाईच्या डबीवर दाबला. विचारलं नाही. मी खाटेवर, लुगडं गुडघ्याच्या वर, पडदा उघडाच, भोवती पाच-सहा शिकाऊ डॉक्टर. मोठा डॉक्टर माझ्या पोटावर पेन टेकवून त्यांना इंग्रजीत काय काय सांगत होता. मी तिथं नव्हतेच जशी.

मला सही येते. कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेलेय मी.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हापासनं अंगावरनं जायचं थांबतच नव्हतं. म्हणून राजाजीनगरातनं घोडागाडी करून या सरकारी दवाखान्यात आलो. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर आहे का नाही ते आठ दिवसांनी कळेल म्हणाले. हा तिसराच दिवस. आणि समोरचा कागद, कन्नडमध्ये वाचला मी, पिशवी काढायचा.

शेजारच्या खाटेवरची बाई हळूच म्हणाली, "अक्का, माझापण असाच घेतला अंगठा. पिशवी गेली. रिपोर्टात काय होतं, अजून कुणी सांगितलं नाही."

मी डॉक्टरला विचारलं, रिपोर्ट आला का. डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाला, "आला तर तू वाचणार आहेस? एक मूल आहे ना. तुम्हा लोकांना पुरे." शिकाऊ हसले. त्यातली एक पोरगी तेवढी खाली बघत राहिली.

मला अजून एक मूल हवं होतं. नवऱ्यालाही धड सांगितलं नव्हतं मी हे. तिथं, उघड्या पायांनी, एवढ्या परक्यांसमोर सांगितलं. आवाज फाटला.

"मला अजून मूल पाहिजे. रिपोर्ट येऊ दे. त्याच्या आधी अंगठा नाही."

नर्स म्हणाली, नवऱ्यानं केलीय सही.

केली होती. हे दारात उभे होते, टोपी हातात घेऊन. आमचे हे शिंपी. कच्चं शिवून गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघितल्याबिगर कोट पुढं शिवत नाहीत.

"अहो, परक्याच्या कोटाला दोनदा विचारता, इथं घट्ट होतो का, तिथं सैल होतो का. माझं पोट कापायचं तर मला एकदा विचारलं नाही?"

"इंजेक्शनचा कागद आहे असं सांगितलं मला," एवढंच बोलले. मान खाली.

मी अंगठा पुसला. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर, दाबून, दोनदा. मग खाटेवरनं उतरले.

भीती गेली नाही. घरी कोटाची काजं करताना सुई बोटात जाते, मुलगी मांडीवर चढते, मी सारखी पोट चाचपते. आत काय वाढतंय कुणाला ठाऊक. मरणसुद्धा असेल.

सोमवारी रिपोर्ट येणार. जाणार मी. रोग असला तर काढा म्हणेन, लेकीसाठी जगायचंय मला. नसला तर हात लावू देणार नाही. पण आधी डॉक्टरनं वाचून दाखवायचं. कन्नडमध्ये, एकेक ओळ. उभ्यानं नाही. माझ्यासमोर स्टूल ओढून, बसून.

मग सही. माझी.